आजोबांची सोनारकामाची पेटी उघडलीय, यातलं काय कशासाठी असतं?

मृण्मयी_पुणे
नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात गडहिंग्लजजवळच्या आमच्या जुन्या घराचा माळा आवरताना आजोबांची कामाची पेटी सापडली. आजोबा म्हणजे आईचे वडील, आम्ही सगळे आण्णाच म्हणायचो, सोनार होते, जाऊन वीसेक वर्षं झाली. मामा म्हणतो भंगारात किलोवर जाईल. एक जुन्या वस्तूवाला आलेला, तो अख्ख्या पेटीचे तीन हजार देतो म्हणाला, आणि इतक्या पटकन म्हणाला की मलाच शंका आली, मग पेटी उचलून सरळ गाडीत घातली आणि पुण्याला घेऊन आले.

तर आत काय काय आहे सांगते. मुठीएवढी ऐरण लाकडाच्या ओंडक्यात ठोकलेली, चार हातोड्या, त्यातल्या एकीचं तोंड अगदी आरशासारखं गुळगुळीत आणि ती एकटीच फडक्यात गुंडाळलेली. ढीगभर चिमटे. एक पोलादी पट्टी, तिला मोठ्यापासून बारीक होत जाणारी भोकं. एक जड पिवळट धातूचा ठोकळा, सगळ्या बाजूंनी गोल खळगे, आधी मला वाटलं आप्पेपात्रच आहे लहान मुलींच्या भातुकलीतलं. एक पितळी वाकडी नळी, टोकाला बारीक भोक. काळा दगड, तो कसोटीचा हे माहितीय. फिल्म रोलच्या डबीत गुंजा. आणि छत्रीच्या काड्या! पंधरा-वीस असतील, टोकं घासलेल्या. या का ते कळत नाही, पण आई सांगते की मधे काही वर्षं सोन्याचं काम बंद पडलं तेव्हा आण्णा छत्र्या आणि स्टोव्ह दुरुस्त करायचे, त्या वेळच्या असतील. एक कातर पण आहे पण ती बिघडलीय बहुतेक, पावडरच्या डब्याचा पत्रा कापून बघितला तर कापतच नाही, दोन पात्यांमध्ये दुमडतो नुसता.

यातलं काय कशासाठी आणि मला यावर निदान चांदीची साधी जोडवी तरी शिकता येतील का? त्या नळीने फुंकून खरंच सोनं वितळायचं का? जाणकारांनी प्लीज इस्कटून सांगावं.

जुना_कारागीर
ताई पहिली गोष्ट, तीन हजाराला देऊ नका, तीस हजाराला पण देऊ नका. मी गुजरीत एकेचाळीस वर्षं काम केलंय, कोल्हापूरला, आता डोळ्यांमुळं बंद.

तुमचं आप्पेपात्र म्हणजे बोरमाळेचे मणी करायचा ठोकळा, काशाचा असणार. बारीक पत्र्याची गोल चकती कापायची, मोठ्या खळग्यावर ठेवायची, वरून गोल डोक्याचा ठसा ठेवून हलक्या हातानं ठोकायचं. मग त्याहून लहान खळगा, मग त्याहून लहान. मधे मधे ताव द्यायचा, म्हंजे तापवून नरम करायचं, नाहीतर कड फाटते. अशी एक वाटी झाली, तशीच दुसरी, दोन वाट्या झाळून, म्हंजे डाग देऊन जोडून, एक मणी. भोक आधीच ठेवायचं बरं का, ओवायला तर लागतंच पण आत हवा कोंडली तर तापवताना मणी फट्कन उडतो, माझा एक उडून शेजारच्या कारागिराच्या चहात पडलेला. आणि पुढं आत लाख भरायची, म्हणून बोरमाळ दिसायला भरगच्च आणि सोनं कमी.

भोकाची पट्टी ती जंत्री. तार एका भोकातनं ओढायची, सांडशीनं धरून, मेण लावून, मग पुढच्या बारीक भोकातनं. दोन-चार भोकं झाली की तार कडक होते, परत ताव. आम्ही पोरं असताना जंत्री पायानं दाबून धरून अख्खं अंग मागं टाकून ओढायचो.

गुळगुळीत हातोडी फडक्यात होती म्हणजे आण्णा शिस्तीचे. त्या तोंडानं लोखंडावर कधीच मारायचं नाही, तिच्यावर जो ओरखडा पडेल तो पुढच्या प्रत्येक पत्र्यावर उमटतो. मामांना सांगा तिनं खिळे ठोकू नका.

नळी म्हणजे फुंकणी. तिनं तोळाभर सोनं वितळत नाही, त्याला मूस, म्हंजे धातू वितळवायची कुल्हडी, आणि बागेसरीतला, म्हंजे सोनाराच्या शेगडीतला कोळसा लागतो. फुंकणी झाळकामाला. दिव्याची जाड वात, तिच्या ज्योतीत फुंकर घालून ज्योत आडवी करून नेमकी सांध्यावर न्यायची, सांध्याला आधी टाकणखार लावलेला असतो. युक्ती फुंकण्यात नाही, श्वासात आहे. गालात हवा भरून ठेवायची, गाल हवा ढकलतात तोवर नाकानं श्वास घ्यायचा, फुंकर तुटता कामा नये. मला हे जमायला सहा महिने लागले, वडील पाण्याच्या पेल्यात नळी घालून बुडबुडे काढायला लावायचे, बुडबुडे थांबले की टपली.

ठुशीचे बारीक रवे पण असेच. तारेचे सारखे तुकडे कोळशावर ठेवायचे, ज्योत दिली की तुकडा लाल होतो, थरथरतो आणि एका क्षणात गोल होऊन गोळी होते. त्यात हाताची कला काही नाही, धातू आपला आपणच गोल होतो. तुकडे सारखे कापायचे ही कला.

छत्रीच्या काड्यांचं आईंना दोन्ही खरं आहे म्हणून सांगा. त्या पोलादाचे गिरमिटाचे सुये आणि नक्षीचे कलम फार छान होतात, आम्ही सगळे करायचो, कुणी विकत आणत नव्हतं. आणि काम बंद पडलं ते 1963 ला, सुवर्ण नियंत्रण. 14 कॅरेटच्या वर नवीन दागिना घडवायचा नाही असा हुकूम आला. आपल्याकडं 14 कॅरेटचा दागिना कोण घालतंय? कितीतरी सोनारांची चूल विझली, काहींनी जीव दिले. माझ्या वडिलांनी तेव्हा गुऱ्हाळावर काम केलं. 14 कॅरेटची अट काही वर्षांत गेली पण 1968 ला कायदाच आला आणि तो 1990 ला जाऊन रद्द झाला.

कातरीचा फोटो टाका. बिघडली वाटत नाही मला.

अर्धवटराव
मस्त धागा. पण थोडा खडा टाकतो, मी स्वतः कास्टिंगच्या कामात आहे. कॉम्प्युटरवर डिझाईन, मेणाचं मॉडेल, मेणाच्याच एका झाडासारख्या दांड्याला पन्नास अंगठ्या लटकवून एकदम ओततो आणि पन्नासच्या पन्नास सारख्या. हाताने घडवलेलं भारी असतं हे मान्यच पण ते घडवणाऱ्याचं काय व्हायचं ते बघितलंय, दिवसभर खाली बसून मान वाकडी, छातीत धूर. आणि नंतर ते कॅडमियमचं झाळ आलं, त्याची वाफ फुफ्फुसाला आणि किडनीला वाईट. लोक अजून दुकानात अभिमानाने विचारतात केडीएम आहे ना म्हणून, त्यांना वाटतं केडीएम म्हणजे शुद्धतेचा शिक्का, अरे बाबांनो ते झाळायला वापरलेल्या कॅडमियमचं नाव आहे!

जुना_कारागीर
अर्धवटराव बरोबर आहे तुमचं, छाती माझी पण गेलीय. कॅडमियम नंतर आलं, आमच्या वडलांच्या झाळात चांदी आणि तांबं. पण पन्नास सारख्या अंगठ्यातली एक मोडली की ती कुणाकडं घेऊन येतात ते पण सांगा की.

हुपरीची_सून
आमच्या हुपरीत तर अजून घरोघरी चांदी. मशीन आलंय, डाय आलेत, पण पैंजणाला घुंगरू जोडायचं काम बायका घरीच करतात, स्वयंपाक आवरला की पाट टाकून बसायचं, मजुरी वजनावर. सासूबाईंचा एक चिमटा आहे, टोकं झिजून झिजून अर्धा राहिलाय, मी चांगला स्टीलचा नवीन आणून दिला तर तो त्यांनी भाकरीच्या चुलीला ठेवला. म्हणतात जुना माझ्या बोटाला ऐकतो.
मृण्मयी जोडव्यांनीच सुरुवात कर, चांदीची पट्टी ठोकून वळवायची, जोडव्याची टोकं उघडीच ठेवली तरी चालतात, झाळायला नको. नवीन माणसाचं चांदीचं झाळ हमखास बिघडतं, कारण चांदीत उष्णता लगेच पसरते, सांधा तापेपर्यंत बाकीचंच वितळायला लागतं. शेवटी चिंचेच्या पाण्यात उकळ, पांढरी शुभ्र निघतात.

विट्याचा_गडी
पेटी धुतली नाही ना??? आमचं सगळं गाव गलाईवालं, काका तमिळनाडूत दुकान टाकून बसलेत सोनं गाळायचं, त्यामुळे पहिलं डोक्यात हेच आलं. सोनाराच्या पेटीच्या कोपऱ्यातली धूळ म्हणजे नुसती धूळ नसते, कानसकामाचा कीस पडलेला असतो. पूर्वी झारेकरी यायचे, दुकानातला केर आणि बागेसरीतली राख विकत घेऊन जायचे, ओढ्यावर बसून धुवून सोनं काढायचे. ब्रशने कागदावर झाडून पुडी बांधून ठेव, ओंडक्याच्या भेगा पण सुईने कोरून घे. लई काय निघणार नाही, अपेक्षा ठेवू नको, पण निघेल.
बादवे गुंजा मोजून बघ. 8 गुंजांचा मासा, 12 माशांचा तोळा, म्हणजे 96 गुंजांना जुना तोळा, 11.66 ग्रॅम. आता दुकानदार सरळ 10 ग्रॅमला तोळा म्हणतात.

मृण्मयी_पुणे
बापरे एवढं सगळं! सगळ्यांना खूप धन्यवाद, धागा वाचनखुणेत टाकलाय. गुंजा 41 निघाल्या, बाकीच्या आम्हीच लहानपणी खेळायला पळवल्या असणार. पेटी धुतली नव्हती पण नवऱ्याने व्हॅक्युम क्लीनर लावलेला एका कप्प्याला, आता ती पिशवी कापून बसलाय गॅलरीत, कागद पसरून 😄

काका कातरीचे फोटो टाकलेत, दोन बाजूंनी.

जुना_कारागीर
वाटलंच मला. ताई, पाती उलटी आहेत. नेहमीच्या कातरीला जे पातं वर असतं ते हिला खाली आहे. ही मुद्दाम लोहाराकडून करून घेतलेली आहे. डाव्या हातात धरा आणि परत कापून बघा.

मृण्मयी_पुणे
काका!! कापला. सरळ, लोण्यासारखा, माझा डावा हात इतका येडागबाळा असून.
लगेच आईला फोन केला. ती म्हणाली छे, आण्णा उजव्या हातानेच जेवायचे की. मग जरा गप्प झाली, आणि म्हणाली जेवायचे उजव्यानेच, ते पंगतीत बरं दिसत नाही म्हणून, पण आमचे कान टोचताना सुई डाव्या हातात असायची.