मदत हवी आहे : बोअरला फ्लोराइड, विहिरीला नायट्रेट. प्यायचं कुठलं?

आमचं घर केळापूर तालुक्यात, जि. यवतमाळ. घरी आईबाबा, भाऊ-वहिनी, सात वर्षांचा पुतण्या आणि तीन महिन्यांची पुतणी. मी पुण्यात. अंगणातल्या २६० फूट बोअरचं पाणी दहा वर्षं पितोय. भर मे महिन्यात आटत नाही, चवीला गोड. शेजारीही भरून नेतात.

दिवाळीत पुतण्याच्या पुढच्या दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे दिसले. 'पोरगं दात घासत नाही' म्हणून सगळे वहिनीला बोलतात. ती बिचारी दोनदा घासून घेते. बाबांची मान-पाठ सकाळी आखडलेली असते, ते वयावर ढकलतात. दात आणि पाठ, दोन्ही पाण्यातल्या फ्लोराइडमुळे तर नाही ना, अशी शंका आली म्हणून पाणी तपासून घेतलं. आकडे मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये :

बोअर : फ्लोराइड ३.२, नायट्रेट १८
जुनी विहीर (४० फूट, कपाशीला लागून) : फ्लोराइड ०.६, नायट्रेट ७८

मर्यादा फ्लोराइडला १ (दुसरी सोयच नसेल तर १.५) आणि नायट्रेटला ४५. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते आमच्याच अंगणात!

आई म्हणते, उकळून घेऊ. चालेल का? आरओ घेतला तर स्वयंपाकालाही तेच पाणी लागेल का? आणि पट्टे जातील का?

प्रतिसाद १
उकळून जंतू मरतात. फ्लोराइड, नायट्रेट तसंच राहतं. पाणी आटतं, म्हणून उलट थोडं वाढतंच. आधी बाळाचं सांगा : अंगावर पितं की वरचं दूध? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला जास्त नायट्रेटचं पाणी गेलं, तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात. पावडरीच्या दुधाला विहिरीचं पाणी अजिबात नको.

आरओने दोन्ही कमी होतं, नुसत्या कँडलच्या किंवा यूव्हीच्या फिल्टरने नाही. बसवल्यावर त्यातून आलेलं पाणी पुन्हा तपासा. डाळ-भातालाही तेच वापरा. आंघोळ-धुण्याला बोअर चालेल.

आलेले पट्टे आपोआप जात नाहीत. पण मागचे पक्के दात अजून घडताहेत, म्हणून पाणी आजच बदला. बाबांना हाडांच्या डॉक्टरकडे न्या आणि हा रिपोर्ट सोबत द्या, नाहीतर संधिवाताच्या गोळ्या घेऊन परत याल.

धागाकर्ता
आत्ताच वहिनीला फोन केला. बाळ अंगावरच पितं, पण रात्री एक बाटली वरची असते. आईनेच सुचवलं होतं, 'लहान लेकराला बोअरचं जड पाणी नको', म्हणून ती विहिरीच्या पाण्यात! थांबवलंय. आरओ येईपर्यंत बाटलीला पाणी कुठलं वापरू? गावात नळयोजना आहे, पण तिचा उद्भवही बोअरच.