लठ्ठपणात लेप्टिन जास्त, तरी भूक का?

प्रश्न: लेप्टिन हे चरबीतून रक्तात येणारं हार्मोन भूक आवरतं ना? मग रक्तात भरपूर असूनही पोट भरल्यासारखं का वाटत नाही? आहाराने फरक पडतो का?

उत्तर १: चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, पण मेंदू दाद देत नाही. खाणं एकदम तोडलं, तर चरबी घटण्याआधीच काही दिवसांत लेप्टिन कोसळतं आणि भूक उसळते. म्हणून रोज ५०० कॅलरींची कपात पुरे. प्रथिनं कमी करू नका.

उत्तर २: चरबीतूनच येणाऱ्या दुसऱ्या हार्मोनचं, अ‍ॅडिपोनेक्टिनचं (ते इन्सुलिनच्या कामाला मदत करतं) उलटं, लठ्ठपणात ते कमी असतं. नुसत्या ओमेगा-३ किंवा तंतुमय पदार्थांनी (फायबर) ते फार वाढत नाही. साधारण १० टक्के वजन उतरलं की ठळक वाढतं.

उत्तर ३: लेप्टिनच्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. ते प्रथिन आहे, पोटातच पचतं!