रिमॅप की कंपनीची परफॉर्मन्स आवृत्ती?

साधी गाडी घेऊन ईसीयू (इंजिन नियंत्रित करणारा संगणक) रिमॅप केला, म्हणजे त्याचे सॉफ्टवेअर बदलले, की कंपनीच्या परफॉर्मन्स आवृत्तीइतकीच ताकद कमी खर्चात मिळते, हा मुद्दा केवळ इंजिनापुरता पाहिला तर बरोबर आहे. परंतु वाढलेला टॉर्क (चाके फिरवणारा जोर) पेलण्यासाठी क्लच, ब्रेक, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) आणि सस्पेंशन बदलत गेल्यास ती बचत लवकरच संपते, आणि बदलामुळे बिघाड झाल्याचे ठरल्यास वॉरंटीचा दावाही फेटाळला जाऊ शकतो.

कंपनीच्या खऱ्या परफॉर्मन्स आवृत्तीत हे बदल आधीच केलेले असतात. मात्र प्रत्येक ‘स्पोर्ट’ बिल्ल्यामागे असे काम झालेले नसते. ह्युंदाई आय२० एन मध्ये १.६ लिटरचे २०४ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्तीचे मेट्रिक एकक) टर्बो इंजिन व यांत्रिक लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरू लागले तर दुसऱ्या चाकाकडे ताकद वळवणारी यंत्रणा) होते, तर नावाने जवळच्या एन लाइनमध्ये साध्या आय२० मध्येही दिले गेलेले १ लिटरचे टर्बो इंजिन मिळते. टोयोटा जीआर यारिस हे दुसरे टोक: तीन दरवाजांची स्वतंत्र बॉडी आणि चारही चाकांना ताकद, जे कोणत्याही रिमॅपने साधणार नाही.

माझ्या मते सर्वांत सुज्ञ उदाहरण २०१७ ची सुझुकी स्विफ्ट स्पोर्ट आहे. तिची ताकद जेमतेम १४० पीएस, पण वजन एक टनाच्या आत असल्यामुळे वळणांवर ती आनंद देते (कागदावरचे आकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनी ती एकदा चालवावी).

रोजचा प्रवास खड्ड्यांतून किंवा वाहतूक कोंडीतून असेल, तर कडक सस्पेंशन व लो-प्रोफाइल (कडेची उंची कमी असलेले) टायर यांचा त्रास होईल. अशा वेळी साधी टर्बो आवृत्तीच घ्यावी.