नाट्यसंस्थेतील उमेदवारी आणि व्यावसायिक ओळखी

प्रश्न: एका नाट्यसंस्थेच्या प्रकाशयोजना विभागात माझी उमेदवारी नुकतीच सुरू झाली आहे. पुढे काम मिळवण्यासाठी ओळखी हव्यात, असे सर्वच सांगतात. परंतु तालमींच्या धावपळीत त्या लाचारी न करता कशा वाढवाव्यात?

उत्तर १: दिग्दर्शकाभोवती सगळेच घोटाळतात, पण बॅकस्टेजच्या माणसांची निवड बहुधा निर्मिती व्यवस्थापक, रंगमंच व्यवस्थापक आणि विभागप्रमुख करतात, आणि ऐन वेळी कोणी गैरहजर राहिले की फोनही तेच करतात. तांत्रिक तालमीत एकेका प्रकाशबदलासाठी सगळे खोळंबलेले असताना तुम्ही आपल्या जागेवर शांतपणे हजर आहात, सूचना एकदाच ऐकून नोंदवून घेता आणि काही बिघडले तर लगेच कळवता, हे त्यांच्या नजरेस येणे कोणत्याही औपचारिक परिचयापेक्षा मोलाचे ठरते. सतत प्रश्न विचारून छाप पाडू पाहणारे उमेदवार (ते प्रत्येक संस्थेत असतातच) लवकर विसरले जातात. प्रश्न जरूर विचारा, पण तालीम संपल्यावर.

उत्तर २: सहमत आहे. मात्र केवळ ज्येष्ठांकडे पाहू नका. सोबतचे उमेदवारच उद्या स्वतःची नाटके उभी करतील आणि तेव्हा त्यांना ओळखीचा प्रकाशयोजनाकार हवा असेल.

उत्तर ३: प्रयोग संपल्यानंतर काही आठवड्यांनी, आपण कोणत्या काळात मोकळे आहात एवढेच कळवणारा छोटा संदेश पाठवावा. थेट काम मागितल्याने समोरच्याला होणारा संकोच त्यामुळे टळतो. शिफारशीसाठी कोणाचे नाव द्यायचे असल्यास त्यांची परवानगी आधी घ्यावी.