दुर्मीळ पक्षी दिसला तर नोंद कुठे आणि कशी करायची? (आर्णी तालुका, यवतमाळ) – सल्ला हवा

पाझरतलाव
नमस्कार मंडळी. गावाच्या पाझर तलावामागे विजेच्या तारेवर दोन दिवसांपासून नीलकंठासारखा एक पक्षी बसतो आहे. छाती फिक्कट निळी, नेहमीची तपकिरी छटा नाही. पाठ विटकरी. युरोपियन नीलपंख असावा असं वाटतं. फोटो मोबाईलचा, पक्षी ठिपक्याएवढा. नोंद कुठे करायची? एवढ्या पुराव्यावर चालेल का? गावच्या ग्रुपवर टाकू की नको? वनखात्याला कळवावं लागतं का? गावात नेटवर्क धड नाही, हेही लक्षात घ्या.

चिखलवाट
नाव ठरवायची घाई करू नका, दादा. आज संध्याकाळच्या आत कागदावर लिहून काढा, आणि पुस्तक किंवा ॲप उघडण्याआधी लिहा. चित्र एकदा पाहिलं की डोळा चित्रातलंच आठवायला लागतो. मग न दिसलेली भुवईसुद्धा दिसल्यासारखी वाटते.

काय लिहायचं: तारीख, घड्याळातली वेळ, किती मिनिटं पाहिला, अंतर पावलांत, सूर्य तुमच्या पाठीशी होता की पक्ष्याच्या. आकार ओळखीच्या पक्ष्याशी ताडून लिहा: चिमणी, साळुंकी, कावळा, घार. मग चोचीपासून शेपटीपर्यंत क्रमाने उतरा: कपाळ, भुवई, गळा, छाती, पोट, पाठ, पुठ्ठा (शेपटीच्या बुडाशी पाठीचा भाग), शेपटीची वरची आणि खालची बाजू, पाय. जो भाग दिसला नाही तिथे "दिसला नाही" असंच लिहा. नोंद तपासणाऱ्याचा विश्वास बसतो तो अशाच ओळींमुळे.

फोटोचं म्हणाल तर ठिपकाही कामाचा असतो. पहिला फोटो आहात तिथूनच काढा, मग दहा-दहा पावलं पुढे जात प्रत्येक टप्प्यावर एकेक. सरळ चालून गेलात की पक्षी उडतो आणि हाती काहीच राहत नाही. दुर्बीण असेल तर (८×४२ उत्तम) तिचे डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवा आणि मोबाईलची मुख्य लेन्स काचेवर अगदी मधोमध टेकवा. डिजिटल झूम वापरू नका, नंतर कापून मोठा करता येतो. हात हलत असेल तर दुर्बीण धुऱ्यावरच्या बाभळीच्या फांदीला टेकवा आणि फोटोऐवजी व्हिडिओ घ्या. त्यातली एखादी चौकट (फ्रेम) तरी स्पष्ट निघते.

मेळघाटउतार
ओळखीबद्दल. छातीवरून निर्णय घेऊ नका, इथेच बहुतेक जण फसतात. आपल्या नीलकंठाची छाती तांबूस-तपकिरी आणि तिच्यावर फिक्या उभ्या रेघा, हे खरं. पण युरोपियन नीलपंखाच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाची छातीही मळकट आणि रेघांची असते. सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य आशिया आणि काश्मीरकडून आफ्रिकेकडे जाणाऱ्यांत अशी पिल्लं बरीच असतात. उलट कोवळ्या उन्हात आपल्याच नीलकंठाची छाती धुतल्यासारखी निळी दिसू शकते.

निकाल लागतो तो उडताना. आपला नीलकंठ उडाला की पंखात गडद जांभळ्या-निळ्या रंगावर फिक्या निळ्याचा रुंद पट्टा झळकतो, आणि फिक्या निळ्या शेपटीच्या टोकाशी गडद पट्टी असते. युरोपियनच्या पंखाचा पुढचा भाग निळा आणि मागची उडायची पिसं काळपट. मधला तो झळकणारा पट्टा नाही आणि शेपटीच्या टोकाला रुंद गडद पट्टीही नाही. म्हणून पक्षी तारेवरून किडा धरायला खाली झेपावेल तेव्हाचा व्हिडिओ घ्या, शक्य असेल तर हळू गतीचा. तो पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो, त्यामुळे संधी बऱ्याच मिळतात.

हा काळ नेमका दसऱ्याच्या आसपासचा. नीलकंठाच्या दर्शनाला लोक बाहेर पडतात, फोटो काढतात. त्या फोटोंमध्ये एखादा पाहुणा नुसता "नीलकंठ" म्हणून निघून जातो. जुने फोटो एकदा या नजरेने चाळा. आणि दर्शनासाठी कोणी पकडलेला नीलकंठ घेऊन दारोदार फिरत असेल तर तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. तिथे फोटो नाही, १९२६ वर फोन.

कापूसवाट
नोंदीसाठी ईबर्ड, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी पाठवायचं ॲप आणि संकेतस्थळ. फुकट आहे आणि पक्ष्यांची नावं मराठीत लावता येतात. नेटवर्क नाही याची चिंता नको. एकदा तालुक्याला गेलात की ॲप टाका, आपल्या भागाचा पॅक (तिथल्या पक्ष्यांची यादी) डाउनलोड करून ठेवा. त्यानंतर यादी आणि जीपीएसची वाट नेटशिवाय चालते. यादी फोनमध्ये राहते, नेट मिळाल्यावर पाठवायची.

दुर्मीळासाठी एकट्या पक्ष्याची नोंद टाकण्यापेक्षा पूर्ण यादी करा. पंधरा-वीस मिनिटं तलावाकाठी थांबा आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी आकड्यासह लिहा: वंचक किती, टिटव्या किती, साधे नीलकंठ किती. त्याच यादीत साधा नीलकंठही असला तर तपासणाऱ्याला कळतं की तुम्हाला दोन्हींतला फरक ठाऊक आहे. एका जागी थांबलात तर "स्थिर", चालत फिरलात तर "प्रवास". मोटारसायकलवर जाता जाता दिसला तर "आकस्मिक". सकाळी तलाव, दुपारी शेत, संध्याकाळी शेजारचं गाव हे सगळं एका यादीत कोंबू नका. प्रत्येक जागेची वेगळी यादी.

त्या प्रदेशात, त्या महिन्यात जो पक्षी किंवा जेवढी संख्या अपेक्षित नाही, तिथे ॲप तपशील मागतं. त्या रकान्यात "नक्की तोच होता" किंवा "सुंदर दर्शन" लिहून उपयोग नाही. चिखलवाट यांनी सांगितलेलं टिपण तिथे उतरवा आणि शेवटी एक ओळ जोडा: कोणत्या सारख्या दिसणाऱ्या जातीला का वगळलं.

सगळ्यात जास्त नोंदी अडकतात त्या क्षुल्लक चुकांनी. सकाळचे ६:३० संध्याकाळचे होतात. रात्री घरी बसून यादी भरली की जागा घराची पडते आणि वेळ रात्रीची. नकाशावर गाव शोधताना भलतंच पिंपळगाव किंवा वडगाव निवडलं जातं, कारण विदर्भात या नावांची गावं तालुक्या-तालुक्यात आहेत. नाव शोधू नका, पिन हाताने तलावावर ठेवा. कॅमेऱ्याचं घड्याळही तपासा. बॅटरी काढल्यावर काही कॅमेऱ्यांची तारीख मागे जाते.

मर्लिन हे पक्षी ओळखायचं ॲप आवाजावरून नाव सुचवतं, पण त्याला इशारा समजा, पुरावा नाही. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, तिथे ते सहज चकतं. आवाजाची नोंद द्यायची तर मूळ रेकॉर्डिंग जोडा, शक्यतो वेव्ह फाइलमध्ये.

नंतर तपासणाऱ्याची ईमेल येऊ शकते, स्पॅममध्येही पाहत जा. तो स्वयंसेवक असतो आणि प्रश्न विचारणं हे त्याचं काम आहे, त्यात तुमच्यावर शंका नसते. उत्तर दिलं नाही तर नोंद तुमच्या यादीत राहते, पण सार्वजनिक नकाशावर येत नाही. खात्री नसेल तर "नीलपंख, जात अनिश्चित" अशी नोंद करायला लाजू नका.

पाझरतलाव
फारच उपयोगी. पण ग्रुपवर टाकायचं का ते राहिलं. आणि फोटो ओळखायला पाठवायचा तर व्हॉट्सॲपवर चालेल ना?

ईक्लासमाळ
या दोन प्रश्नांची सांगड आहे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि त्यातली तारीख, वेळ, कॅमेऱ्याची माहिती गळून पडते. ओळखणाऱ्याला द्यायचा तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जाते. पण लोकेशन चालू असेल तर त्या मूळ फाइलमध्ये जागेचा जीपीएस आकडाही जातो. तेव्हा मूळ फाइल एका विश्वासू माणसाला, आणि ग्रुपवर टाकायचीच तर साधी.

नीलपंख वाटसरू आहे. दोन-चार दिवस थांबून जाईल, त्याची जागा सांगितली तर फार बिघडत नाही. तरी तार कोणाच्या शेतावर आहे ते बघा. सोयाबीन काढणीला आलेलं असताना दहा गाड्या धुऱ्यावर उभ्या राहिल्या तर शेतकरी पुढच्या वेळी कोणालाच आत येऊ देणार नाही.

घरटं करणाऱ्या आणि संकटातल्या पक्ष्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. अकोला-वाशीमकडच्या ई-क्लासच्या (सरकारी चराईच्या जमिनीच्या) गवतात पावसाळ्यात तणमोराचा नर उंच उड्या मारताना दिसला, किंवा वरोऱ्याकडे माळढोक दिसला, तर गावाचं नाव, गट नंबर, मागे डोंगर दिसणारा फोटो, काहीच बाहेर जाऊ देऊ नका. फासेपारधी समाजातल्या लोकांनी वाशीम-अकोल्यात तणमोर राखायला मोठं काम केलं आहे. एका व्हायरल फोटोने ते धोक्यात येतं. मेळघाटातल्या रानपिंगळ्याचंही (लहान, दुर्मीळ घुबड) तेच. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला पक्षी हा. त्याचा आवाज मोबाईलवर वाजवून त्याला जवळ बोलावणं म्हणजे विणीच्या काळात त्याला घरट्यावरून उठवणं.

ईबर्ड काही मोजक्या जातींच्या जागा आपोआप झाकतं, सगळ्या नाही. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या ॲपवर "अस्पष्ट" निवडलं तर जागा साधारण वीस-बावीस किलोमीटरच्या चौकटीत कुठेतरी दिसते. ईबर्डवर घरट्याची नोंद पिल्लं उडून गेल्यावर पाठवा. यादी तोवर फोनमध्ये राहू द्या, तारीख मूळचीच राहते.

मेळघाटउतार
रानपिंगळ्याचा विषय निघालाच आहे तर एक भर. दिवसा दिसलेला प्रत्येक पिंगळा रानपिंगळा नसतो, साधा पिंगळाही दिवसा बाहेर असतो. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, छातीवर गडद रुंद पट्टा, खालचं पोट स्वच्छ पांढरं, पायांवर दाट पांढरी पिसं. समोरून काढलेला फोटो नसेल तर नोंद टिकत नाही. तसंच तलावाकाठी झुडपात बसलेला तपकिरी रेघांचा "दुर्मीळ बगळा" बहुतेक वेळा रातबगळ्याचं पिल्लू निघतो.

बोडीकाठ
वनखात्याबद्दल. नुसता दिसलेल्या नीलपंखासाठी कळवणं बंधनकारक नाही. माळढोक, तणमोर, गिधाडांची वस्ती, गोंदिया-भंडाऱ्याबाहेर सारसाचं घरटं यांसाठी मात्र कळवाच, आणि वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना लेखी. बीटचा वनरक्षक बदलून जातो, कागद राहतो. अर्जात एकच पान: तारीख, वेळ, जागा, संख्या, फोटो, आणि "जागा जाहीर करू नये ही विनंती". प्रत जिल्ह्याच्या मानद वन्यजीव रक्षकांना.

पाठीवर यंत्र असलेलं गिधाड दिसलं तर घाबरू नका आणि "हेरगिरीचा पक्षी" असा मेसेज फिरला तर तिथेच थांबवा. पेंच आणि ताडोबात २०२४ मध्ये जीपीएस टॅग लावून गिधाडं सोडली आहेत. पायात कडी किंवा मानेत पट्टा असलेला पक्षी दिसला (हिवाळ्यात तलावावरच्या पट्टकदंबांच्या, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेल्या पाहुण्या हंसांच्या, माना नीट पाहा) तर पट्ट्याचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं कुठून कुठे वाचली, डावा पाय की उजवा, गुडघ्याच्या वर की खाली, हे सगळं लिहा. डावा-उजवा पक्ष्याचा, तुमच्या बाजूने नाही. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कडीवर संस्थेचं नाव इंग्रजीत कोरलेलं असतं, तिथे कळवलं की पक्ष्याला कडी कुठे आणि कधी घातली ते समजू शकतं.

जखमी पक्ष्यासाठी १९२६, हॅलो फॉरेस्ट. येईपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून, आत सुती कापड टाकून, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. दूध-भाकर तर नकोच. गोठ्यात किंवा जुन्या वाड्यात सापडणारी पांढऱ्या तोंडाची "विचित्र पिल्लं" गव्हाणी घुबडाची असतात. ती दुर्मीळ नाहीत आणि अपशकुनी तर मुळीच नाहीत. पिल्लं धडधाकट असतील तर होती तिथेच राहू द्या.

एकाच तलावावर दोन-चारपेक्षा जास्त पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नका, जनावरंही त्या पाण्यावर नेऊ नका. पशुवैद्यकीय दवाखाना आणि वनखातं दोघांनाही कळवा.

आणखी एक. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. पाझर तलावावरच्या पक्ष्यांची वर्षभराची यादी तिथे जोडायला सांगा. उद्या तलावात गाळ काढायचं किंवा काठ पक्का करायचं काम निघालं तर ग्रामसभेत दाखवायला ती नोंद हाताशी असते.

पाझरतलाव
टिपण लिहिलं, बघा: "४ ऑक्टोबर, सकाळी ७:४० ते ८:०५. पाझर तलावाच्या बांधामागची तार. अंतर अंदाजे ६० पावलं, सूर्य पाठीशी. साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान. डोकं, गळा, छाती, पोट फिक्कट निळं, रेघा नाहीत. पाठ विटकरी. चारदा उडाला: पंखाचा पुढचा भाग निळा, मागचा काळपट, मधला फिका पट्टा नाही. शेपटीची खालची बाजू दिसली नाही. व्हिडिओ आहे. बाजूच्या तारेवर साधा नीलकंठ एक, तुलना झाली. विदर्भातली बहुधा पहिलीच नोंद."

कापूसवाट
शेवटचं वाक्य काढा, बाकी पाठवा. "पहिली नोंद" म्हणण्याआधी ईबर्डवर त्या जातीचा नकाशा विदर्भापर्यंत मोठा करून पाहावा लागतो आणि जुनी छापील टिपणंही चाळावी लागतात. व्हिडिओतली पंख उघडलेली चौकट वेगळी कापून तीही जोडा, मूळ व्हिडिओ जपून ठेवा. आणि त्याच यादीत साधा नीलकंठ १ लिहिला आहे ना, तेवढं बघा.