मॉनिटरचा उजेड मंदावला आहे : स्टॅबिलायझर घ्यावा की मॉनिटरच बदलावा?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. मी गावात सातबारा काढून देण्याचे आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र चालवते. केंद्रातील जुना चौकोनी एलसीडी मॉनिटर हळूहळू मंद होत गेला असून, ब्राइटनेस १०० वर ठेवूनही गट क्रमांकातील १ आणि ९ वेगळे ओळखण्यासाठी पडद्याला डोळे लावावे लागतात. थंडीत सकाळी सुरू केला की चित्र थोडा वेळ तांबूस दिसते आणि मग जरा उजळते. ओलिताचे पंप सुरू झाले की आमच्याकडे व्होल्टेज पडते, त्यामुळे स्टॅबिलायझर घ्या, असे सगळेच सांगतात. एक आकडा चुकला तरी शेतकऱ्याचा अर्ज परत येतो, म्हणून हे लवकर मार्गी लावायचे आहे. दोष नेमका कुठे असावा?

उत्तर १ (वरोरा)

ताई, काहीही विकत घेण्याआधी मॉनिटरचे मेनूचे बटण दाबून पाहा. तो मेनू संगणकाकडून येत नाही, मॉनिटर स्वतःच तो दाखवतो. मेनू लख्ख आणि मागचे चित्र मंद असेल, तर दोष संगणकाच्या सेटिंगमध्ये किंवा ग्राफिक्सच्या ड्रायव्हरमध्ये (पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) शोधावा. दोन्ही सारखेच मंद असतील, तर विंडोजमध्ये कितीही शोधाशोध केली तरी उपयोग होणार नाही. त्याच मेनूत वीज वाचवणारा इको मोड किंवा चित्रानुसार उजेड आपोआप कमीजास्त करणारा डायनॅमिक कॉन्ट्रास्ट सुरू असल्यास तो बंद करावा आणि एकदा फॅक्टरी रिसेट करून पाहावे, कारण इको मोडमुळे ब्राइटनेस १०० असूनही पडदा मंद राहू शकतो.

उत्तर २ (अचलपूर)

व्होल्टेजविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या भागात या एका समजुतीपायी लोकांचे बरेच पैसे वाया जातात. मॉनिटरच्या मागील लेबलवर इनपुट पाहा. बहुतेक मॉनिटरवर ते १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते. आतील वीजपुरवठा या मर्यादेत बाहेरचे व्होल्टेज कमीजास्त झाले तरी पुढे ठरावीक व्होल्टेजच देतो. म्हणून साधा पिवळा बल्ब संध्याकाळी मंद होतो तसा मॉनिटर होत नाही. व्होल्टेज फारच खाली गेले तर तो बंद पडतो किंवा सारखा बंद-चालू होतो. आपला मॉनिटर भर दुपारी, पंप बंद असतानाही मंदच दिसत असेल, तर स्टॅबिलायझरने फरक पडणार नाही.

विदर्भातील उन्हाळा मात्र या यंत्रांना खरोखर बाधतो. आतील कॅपॅसिटरचे (वीज साठवून ठेवणाऱ्या छोट्या भागांचे) आयुष्य दर १० अंश तापमानवाढीमागे साधारण निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे, आणि टिनाच्या छपराखाली मे महिन्यात काय होते ते आपण जाणतोच. कॅपॅसिटर फुगला असेल तर मॉनिटर सुरू व्हायला वेळ लागतो, लुकलुकतो किंवा क्षणभर दिसून काळा पडतो. मॉनिटरच्या मागची जाळी धुळीने बुजू देऊ नका आणि कूलरची दमट हवा थेट त्यावर येणार नाही, असे पाहा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. मेनूही तितकाच मंद आहे, इको मोड बंदच होता आणि रिसेट करूनही फरक पडला नाही. लेबलवर १०० ते २४० व्होल्ट असेच छापले आहे. लुकलुकणे नाही, पण पांढरे पान उघडले की खालचा भाग पिवळट दिसतो.

उत्तर ३ (हिंगणघाट, मॉनिटर दुरुस्ती)

ताई, तांबूस सुरुवात, पिवळट पांढरा रंग आणि सावकाश मंदावणे ही तिन्ही लक्षणे एकत्र असतील, तर पडद्यामागच्या बारीक नळ्या थकल्या आहेत, असे समजावे. जुन्या एलसीडीमध्ये एलईडीऐवजी सीसीएफएल नावाच्या फ्लुरोसंट नळ्या असतात. आतला पारा थंड असेपर्यंत प्रकाश लालसर पडतो, म्हणून थंडीच्या सकाळी हे अधिक जाणवते. हजारो तास वापरल्यावर नळ्यांचा उजेड कमी होतोच. सेटिंग बदलून तो परत येत नाही.

नळ्या बदलता येतात, पण तेवढ्यासाठी पूर्ण पॅनेल उघडावे लागते आणि मजुरी धरता ते सहसा परवडत नाही. दुरुस्ती हे माझे काम असूनही मी आपल्याला एलईडी बॅकलाइटचा, म्हणजे पडद्यामागे एलईडी दिवे असलेला मॉनिटर घ्या, असेच सांगेन. आपल्या संगणकाला फक्त व्हीजीए पोर्ट (मॉनिटरची केबल जोडण्याची जुन्या पद्धतीची जागा) असेल, तर नव्या मॉनिटरलाही ते आहे का, हे दुकानातच पाहून घ्यावे. जुना घेत असाल, तर संपूर्ण पांढरे पान उघडून चारही कोपरे तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

हा मॉनिटर मात्र घरी कोणालाही उघडू देऊ नका. नळ्या पेटवणारा मॉनिटरच्या आतला इन्व्हर्टर सुरुवातीला हजार व्होल्टच्याही वर जातो, आणि वीज काढल्यावरही वीजपुरवठ्याच्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो. नळ्यांत पारा असल्याने तो उकिरड्यावरही टाकू नये. ई-कचरा घेणाऱ्याकडे फोडाफोड न करता तसाच द्यावा.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

संगणकाला व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही आहेत. स्टॅबिलायझरचा विचार सोडला आहे. ते पैसे एलईडी मॉनिटरकडे वळवते.