खुराड्यावर टिन की सिमेंटचा पत्रा?

भाऊ, तुम्ही कोंबड्यांच्या खुराड्यावर टिन टाकू की सिमेंटचे पत्रे विचारलं अन् वरच्या उत्तरांत बहुतेकांनी सिमेंटच सांगितलं. ते टिनापेक्षा कमी तापतात हे खरंय, पण वजन किती! खाली नुसते बांबू असले की वाकतात, अन् माकडांनी उड्या मारल्या की तडकतात ते वेगळंच. कोणाच्या घरचे जुने काढलेले पत्रे स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका, त्यात बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉस (फुप्फुसाला घातक तंतू) असतो, कापताना भुकटी छातीत जाते.

घरच्या 10 बाय 6 फुटांच्या खुराड्याला टिनच बरं. आडवे बांबू 3-3 फुटांवर, एक बाजू फूटभर उंच. स्क्रू पत्र्याच्या नालीच्या उंचवट्यावरच मारा, खाली रबरी वायसर घालून, खोलगट भागात मारला की पाणी तिथूनच गळते. अन् मे-जूनचं वादळ टिनाला दाबत नाही, खालून उचलते, म्हणून खांब दोन फूट तरी पुरा अन् आडव्या बांबूले तारेनं आवळा. टिनावर दगड ठेवून काही होत नाही बाप्पा.

राहिली गरमी. आपल्याकडे पारा 45 च्या वर जाते, कोंबडीला घाम येत नाही, चोच उघडी ठेवून धापा टाकते बिचारी. टिनाला वरून चुना मारा, त्यावर तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) नाहीतर तणस (धानाचा पेंढा) पसरा, दुपारी पाणी शिंपडा, अन् वरच्या अंगाला वीतभर जाळी सोडा म्हणजे गरम हवा निघून जाते. पाऊस लागला की तणस काढून टाका, ओलं राहिलं तर टिन गंजते.